ओटी घेऊन आलेली बाई

"कनच्या घरच्या तुमी? मी तर कवा बगला नाय तुमाला."

जाळीच्या गेटपलीकडून विनिताने विचारलं. अंगात सिक्युरिटीचा निळा शर्ट, कमरेला वॉकीटॉकी, केसांत मात्र अबोलीची वेणी. प्रेमाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पदराने मान पुसली आणि दमलेली बाई आधी श्वास घेते नि मग बोलते तशी बोलली.

"इथल्या घरची नाही गं. मुलुंडवरून आले. मुलीचं लग्न जमत नव्हतं, तर शेजारीण म्हणाली, ट्रॉम्बेच्या खाडीआईला नवस बोल. बोलले, आणि जमलं. ओटी तेवढी भरायची राहिली."

"मंगळवारी फक्त आमच्या कोळीवाड्यातल्या बायका आत सोडायच्या, मावशी. त्या पन तोंडओळखीच्या. तसा हुकूमच हाय."

"बरं." प्रेमा वाद घालत नसे, तिची खुबी तीच होती. "मग ही ओटी मी घरी परत नेऊ का? तूच सांग. तू म्हणशील तसं करते."

विनिताने किल्ली हातात घेतली. देवीच्या नावाने घराबाहेर काढलेली ओटी माघारी नेत नाहीत, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तसं घडलं तर पाप ओटी आणणारीला लागतं की परत पाठवणारीला, एवढाच काय तो प्रश्न. तिने पिशवीत डोकावून पाहिलं. नारळ, खण, तांदळाची पुडी, केळी, कुंकवाची डबी. खणाला तिने हात लावला नाही. दुसऱ्या बाईच्या ओटीत हात घालायचा कसा?

"चला. पन मी संगती येणार."

तिने गेट उघडलं, प्रेमाला आत घेतलं आणि मागे कुलूप लावलं.

प्रेमाच्या मुलीचं लग्न जमलं नव्हतं. श्वेताने लग्नाचा विषय काढायलाही आईला बंदी घातली होती. प्रेमा मुलुंडलाही राहत नव्हती, ती घाटकोपरच्या भटवाडीतली. खणाखाली पत्र्याचा डबा होता, त्यात वाळू, आणि झाकणावर 'चाचणीसाठी' असा स्टिकर. मरोळच्या ज्या ऑफिसात ती नोकरीला होती ते ऑफिस बंदरांची, जेट्टींची, गोदामांची सुरक्षा तपासायचं. कुंपण कुठे फाटलंय, दिवे कुठे लागत नाहीत, पाण्याच्या बाजूने होडी कुठवर येऊ शकते, हे सगळं निलेश सर बघत. माणसं बघायचं काम प्रेमाचं. म्हणजे एखाद्या गेटवर जायचं आणि आत शिरता येतं का ते बघायचं.

या कामाला ती लागली तीही गंमतच. ऑफिसात ती चहापाण्याला होती. एकदा सर न्हावा-शेव्याजवळच्या एका गोदामात तपासणीला गेले आणि लॅपटॉपचा चार्जर विसरले, म्हणून तिला पाठवलं. ती तीन गेटं ओलांडून थेट त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. कोणी थांबवलं नाही, कोणी विचारलं नाही, एकाने तर जिन्याकडे हात दाखवला. सर चार्जरकडे बघेनात, तिच्याकडेच बघत राहिले. "प्रेमाताई, तुम्ही दिसतच नाही हो कोणाला," ते म्हणाले. त्यांना हे कौतुक वाटलं होतं. प्रेमाला त्या रात्री जेवण गेलं नाही, पण नोकरी बरी होती आणि ऑफिसची भांडी घासण्यापेक्षा बरीच बरी होती.

या कामाने तिचा स्वभाव मात्र पार बिघडवला. स्वतः इतक्या जणांना फसवून आत शिरल्यावर जगात कोणी सरळ आत येत असेल यावर तिचा विश्वासच उरला नाही. गॅस सिलिंडरवाल्याला ती दारात उभं करून एजन्सीत फोन लावायची. खालच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले तर त्यांच्या घरी येणाऱ्यांच्या चपला बघायची. श्वेता चिडायची, "आई, तुझं ना डोकं फिरलंय. मिस्त्री आलाय तो, अतिरेकी नाही." त्यावर प्रेमा म्हणायची, "मी पण मिस्त्रीणच म्हणून जाते ना." हे मात्र ती मनातच म्हणायची. आई नक्की काय काम करते ते श्वेताला माहीत नव्हतं. तपासणी, एवढंच माहीत होतं.

आणि आजचं सोंग तर तिने कधीच सांगितलं नसतं. गळ्यातलं मंगळसूत्र स्टेशनबाहेरच्या गाडीवरचं, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर लाल टिकली. नवऱ्याला, चंद्रप्रकाशला, जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूत्रपिंडाच्या आजाराने गेला, हळूहळू गेला. त्याच्यामागे तिने बांगडी चढवली नव्हती, आणि आज ऑफिसच्या बाथरूममध्ये आरशापुढे टिकली लावली ती वाकडी लागली. ती काढून नीट लावायचं धैर्य होईना. तशीच आली.

देऊळ कसलं, खडकावर बांधलेली चार हात उंचीची देवळी. जेट्टी नंतर आली, देवी आधीपासून होती. परदेशी रसायनं मालवाहू बार्जमधून इथे उतरू लागली तेव्हा कोळीवाड्यातल्या बायका गेटवर बसून राहिल्या होत्या, म्हणून मंगळवारची सकाळ त्यांना मिळाली. ती सांभाळायला गावातलीच मुलगी ठेवली, ती ही विनिता. पलीकडे नळांचं जाळं आणि पांढऱ्या टाक्या. देवळीपासून जवळची टाकी दगड मारला तर लागेल एवढी जवळ होती. प्रेमाने ते अंतर डोळ्यांनी मोजलं. डब्यात वाळू होती म्हणून बरं.

तिने ओटी भरली. खण ठेवताना डबा अलगद देवळीच्या मागच्या खोबणीत सरकवला. विनिता पायताण काढून हात जोडून उभी होती, डोळे मिटून. काम झालं होतं. आता गोड बोलून बाहेर पडायचं, गाडीत बसलेल्या सरांना फोन करायचा, संपलं.

"मावशी, मला पन लावा ना कुंकू." विनिता पुढे वाकली. "माजा मानूस बोटीवर गेलाय. चार दिस झालं, फोन लागत नाय. समद्या बोटी आल्या, त्यांचीच नाय आली. तुमचा नवस पावला ना? मंग तुमच्या हातचा लावा."

प्रेमाच्या हातात डबी होती. नाही म्हणायला काही निमित्त सुचेना. खरं सांगायचं तर काम फसलं असतं. पण त्या क्षणी तिला कामाची आठवणही नव्हती. एवढंच वाटत होतं की या पोरीच्या कपाळाला आपला हात लागू नये. आणि हात तर पुढे गेलाच. तिने बोट बुडवलं, कुंकू लावलं. विनिताचे डोळे भरून आले.

मग विनिताने रीतीप्रमाणे स्वतःचं बोट डबीत बुडवलं आणि प्रेमाच्या कपाळाकडे नेलं.

प्रेमाची मान मागे गेली. इतकीशीच गेली. अकरा वर्षं कुठल्याही हळदीकुंकवाला कोणी चुकून तिच्याकडे डबी घेऊन वळलं की मान अशीच जायची, आणि मग समोरचीही ओशाळायची. मान मागे गेली हे तिला विनिताच्या चेहऱ्यावरून कळलं.

विनिताचं बोट हवेतच राहिलं. ती आधी टिकलीकडे बघत होती, मग मंगळसूत्राकडे, मग तिच्या डोळ्यांत. त्या नजरेतला ओलावा गेला तो गेलाच.

"तुमचा मानूस हाय का?"

प्रेमाने डबीचं झाकण लावलं.

"खरा सांगा. कोन तुमी? कशाला आयलाव आत?"

तिने प्रेमाचं मनगट पकडलं. मासळीच्या पाट्या उचललेला हात होता, सुटायचा नव्हता. दुसऱ्या हाताने तिने पिशवी झटकली, खण उचलला, देवळीच्या मागे हात घातला आणि डबा दिसताच शिट्टी फुंकली. टाक्यांकडून दोन माणसं धावत आली. प्रेमाने ब्लाउजमधून ऑफिसचं ओळखपत्र काढेपर्यंत विनिताने ते मनगट सोडलं नाही. कार्ड वाचल्यावर सोडलं. मग तिने शिवी दिली नाही, कपाळावरचं कुंकू पुसलंही नाही. नुसती देवळीकडे बघत उभी राहिली. शिवी दिली असती तर प्रेमाला सोसलं असतं.

परतताना गाडीत निलेश सर खुशीत होते.

"एक नंबर, ताई. डब्यासकट टाकीपर्यंत."

"पकडलं तिने मला."

"नंतर ना. आत तर सोडलं. कसा काय आला पण संशय तिला?"

"आला," प्रेमा म्हणाली. बाहेर मानखुर्दचा पूल जात होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "सर, मंगळवारचं तुम्हाला कोणी सांगितलं? नि ओटीचं?"

"क्लायंटनेच."

"म्हणजे कुठल्या गेटातून, कुठल्या दिवशी, हातात काय घेऊन जायचं, हे ज्यांची तपासणी त्यांनीच सांगितलं?"

सरांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही माझ्यावर पण संशय घ्यायला लागलात का?"

"तसं नाही. विचारलं."

"तिथे त्यांना अजून एक टाकी बसवायचीये. देवळामुळे अडलंय. आपण काय खोटं लिहितोय का? भोक आहे, तर भोक आहे असं लिहायचं."

"आणि ती मुलगी?"

"टेस्टमध्ये नापास गार्ड ठेवत नाहीत. कॉन्ट्रॅक्टमध्येच असतं ते."

सरांचं चूक होतं असंही नाही. उद्या खरीच कोणी बाई खरा डबा घेऊन आली तर अर्धं ट्रॉम्बे जाईल. ते भोक तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, किंबहुना ते भोक तीच होती. पण ज्याने दार दाखवलं तोच दारवाल्याला काढायला निघालाय, हे तिच्या डोक्यातून जाईना. घरी गेल्यावर श्वेताने विचारलं, "काय गं, बरं नाही का?" तर म्हणाली, "ऊन लागलं." मनगटावर बोटांचे लाल वळ होते. ते तिने पदराखाली घेतले.

शुक्रवारी जेट्टीच्या ऑफिसात बैठक होती. प्रेमाला बोलावलं नव्हतं. ती सरांना म्हणाली, मी येते. सर म्हणाले, गरज नाही. ती गाडीत जाऊन बसली. इतक्या वर्षांत तिने कधी असं केलं नव्हतं, म्हणून सरांना काय बोलावं ते सुचलं नसावं.

जेट्टीच्या मॅनेजर माधुरी मॅडम. कॉटनची साडी, कापलेले केस, कपाळ मोकळं, बोलणं नेमकं. वाईट बाई वाटत नव्हत्या. त्यांनी प्रेमाला पाणी मागवलं.

सरांनी वाचून दाखवलं. बाजूच्या गेटातून अनोळखी व्यक्ती संशयास्पद वस्तूसह आत, टाकीच्या अगदी जवळ. सामान तपासलं नाही. धार्मिक कारणाने दिलेली सवलत धोकादायक. उपाय म्हणून गेट कायमचं बंद करावं आणि गार्ड बदलावी. चाचणी पूर्ण झाल्यावर चाचणी करणाऱ्या व्यक्तीने स्वतः ओळख दिली.

"मी नाही दिली," प्रेमा म्हणाली.

सरांनी घसा खाकरला. "ताई, ते टेक्निकल आहे."

"असेल. पण मी ओळख दिली ती तिने धरल्यावर. डबा तिने शोधला. शिट्टी तिने मारली. ते लिहा की."

माधुरी मॅडम पुढे झुकल्या. "आम्हाला आवडेलच लिहायला. पण कशावरून ओळखलं तिने? मशीन नव्हतं, कॅमेरा तिकडे नाही. आता गार्ड म्हणते, 'मला कळलं.' असं कसं लिहिणार? तुम्हीही सरांना तेवढंच सांगितलंत म्हणे."

प्रेमाने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच ठेवला. इथे गप्प बसलं तर कोणाचं काही जाणार नव्हतं, त्या पोरीशिवाय. आणि बोललं तर सरांना कळणार, या बाईंना कळणार, उद्या ऑफिसातल्या पोरापोरींना कळणार की चहावाल्या प्रेमाताई खोटं कुंकू लावून देवीपुढे गेल्या होत्या. श्वेतालाही कधी तरी कळेल. तिला लाज वाटली, आणि लाज वाटते म्हणून रागही आला.

"मी विधवा आहे," ती म्हणाली. "सवाष्ण बनून गेले होते. तिने मला कुंकू लावायला हात पुढे केला, तर मी मागे झाले. सवयीने. तेवढ्यावरून ओळखलं तिने."

सर टेबलाकडे बघू लागले. त्यांना ती विधवा आहे हे माहीत होतं. मंगळसूत्राची कल्पना त्यांचीच होती. पण ते असं मोठ्याने कोणी म्हणेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"पण त्यात काय एवढं?" माधुरी मॅडम म्हणाल्या, खरंच न कळून. "मीही लावत नाही काही. माझे मिस्टर तर ठणठणीत आहेत. नुसतं मागे होण्यावरून कोणाला कळतं?"

"आमच्यात कळतं, मॅडम. तिचा नवरा बोटीवरून आला नव्हता. त्याच्यासाठी तिने माझ्या हातून कुंकू लावून घेतलं, नि पुढच्या मिनिटाला कळलं की लावणारीला नवरा नाही. दुसरी असती तर तिथे रडत बसली असती. ही नाही बसली. आधी माझा हात धरला, मग डबा शोधला. तुमची टाकी तिच्या डोक्यात होती तेव्हा. मला माहितीये, मी समोर होते."

"आत सोडलंच पण तिने."

"सोडलं. तेही लिहा. ते खोटं नाहीच." प्रेमाचा आवाज चढला होता, तो तिने खाली आणला. "फक्त अर्धं लिहू नका. आणि मंगळवारचं मला कोणी सांगितलं, तेही लिहिणार असाल तर लिहा."

माधुरी मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी ग्लासातलं पाणी संपवलं. मग प्रेमाला बाहेर बसायला सांगितलं, आणि बराच वेळ दोघं हळू आवाजात बोलत राहिली.

महिन्याभराने सांगितलेले उपाय केलेत का ते बघायला सर पुन्हा ट्रॉम्बेला निघाले. प्रेमाही सोबत होती, या वेळी गळ्यात कंपनीचं कार्ड लावून, साध्या साडीत. या जेट्टीवर तिचा चेहरा आता सगळ्यांना माहीत झाला होता, लपण्यासारखं काही नव्हतं.

बाजूच्या गेटाच्या जागी पत्रा ठोकला होता. देवळी पत्र्यापलीकडे होती, इकडून कळसही दिसत नव्हता. बायकांना वर्षातून एकदा, अर्ज करून, असं काही तरी ठरलं होतं. कोळीवाडा मंडळाची माणसं चिडली होती म्हणे, पण सही झाली होती.

मुख्य गेटवर बायकांच्या झडतीसाठी नवी केबिन उभी केली होती. पडदा सारून प्रेमा आत गेली तर समोर विनिता. हातात रबरी मोजे, केसांत वेणी नव्हती.

विनिताने आधी पिशवी घेतली. टेबलावर उपडी केली, डबा उघडून भाजी हलवून बघितली, पाकिटाचा कप्पा न् कप्पा उलटा केला, छत्री उघडून मिटली. घाई नव्हती नि रागही दिसत नव्हता.

"माणूस आला?" प्रेमाने विचारलं. महिनाभर तेवढं एकच विचारायचं होतं तिला.

"आयला. दोन दिसांनी. इंजिन बंद पडला होता."

"बरं झालं गं."

"हां." विनिताने पिशवी भरून बाजूला ठेवली. "माजी नोकरी तुमच्यामुलं ऱ्हायली, म्हाईत हाय मला. मॅडम बोलली. तरी एक सांगतंव, मावशी. परत माज्या कपालाला हात लावायचा नाय. कवाच नाय."

"नाही लावणार."

"देवीकडं पन आता आमी जाऊ शकत नाय, तुमच्यामुलं."

सॉरी म्हणावं असं प्रेमाच्या तोंडाशी आलं, पण तो शब्द तिला फार स्वस्त वाटला.

"हात वर करा," विनिता म्हणाली.

प्रेमाने हात बाजूला पसरले. इतकी गेटं ओलांडली, पण अशी झडती तिची कोणी घेतली नव्हती. घ्यावी असं कोणाला वाटलंच नव्हतं. विनिताचे हात खांद्यांवरून खाली आले, दंड, मनगटं, बगल, पाठ. मणक्यावरून बोटं दाबत खाली गेली, कमरेच्या नाड्यापाशी थांबली, निऱ्या चाचपल्या. पोरगी काही सोडत नव्हती. मग ती खाली बसली आणि एकेक पाऊल उचलायला लावून चपलांचे तळवे बघू लागली. प्रेमाने तोल जाऊ नये म्हणून तिच्या खांद्याचा आधार घेतला, आणि विनिताने तो घेऊ दिला. चंद्रप्रकाश गेल्यापासून आपल्याला एवढा वेळ कोणाचा हात लागला नाही, हे प्रेमाला तेव्हा कळलं, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी पुसता येईना, कारण दुसरा हात अजून वरच होता. अजून थोडा वेळ शोधावं हिने, असं तिला वाटलं.

बाहेर लाइनीतल्या बायका कुरकुरायला लागल्या होत्या. विनिता उठली, मोजे नीट केले आणि पडदा बाजूला धरला.

"काय नाय सापडला," ती म्हणाली. "जावा आत."